समोरचा डोंगर कोणता? फोनच्या कॅमेऱ्यातून गड ओळखणारं ॲप करताना

सिंहगडावर, कल्याण दरवाज्याच्या बाजूला, मी माझं पहिलं ॲप एका दहीवाल्या मावशींना दाखवलं. फोन नैर्ऋत्येकडे धरला. पडद्यावर डोंगरांची रांग आली आणि एका माथ्यावर ‘राजगड’ अशी पाटी उमटली. मावशींनी पडद्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “आवो, त्यो तोरना. राजगड ह्यो हिकडं, डाव्या अंगाला.”

घरी येऊन नकाशावर मोजलं. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कोन मोजला तर सिंहगडावरून राजगड साधारण २१० अंशांवर येतो आणि तोरणा २३४ वर. म्हणजे फोनचं होकायंत्र तब्बल २४ अंशांनी चुकलं होतं. माझं गणित बरोबर होतं, उपग्रहही आपापल्या जागी होते. फोनच्या पाकिटासारख्या कव्हरचं झाकण मिटून राहावं म्हणून त्यात एक इवलंसं लोहचुंबक बसवलेलं असतं, त्याने हा घोळ घातला होता.

ज्यांना या विषयात पहिल्यांदाच हात घालायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. थोडं प्रोग्रॅमिंग, बारावीची त्रिकोणमिती आणि एक साधा अँड्रॉइड फोन एवढं भांडवल पुरतं. उदाहरण एकच घेऊ: गडावर उभं राहून कॅमेरा फिरवला की समोरच्या डोंगरांची नावं पडद्यावर दिसली पाहिजेत. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या कामात तीन विषय एकमेकांत अडकलेले आहेत. फोन कुठे आहे हे ठरवणं, कॅमेऱ्याला काय दिसतंय ते समजणं आणि पडद्यावर नेमक्या जागी चित्र काढणं. कॉलेजात हे तिन्ही वेगवेगळ्या पेपरांत शिकवतात, त्यामुळे तिघांच्या सांध्यावर काय होतं ते कुणीच सांगत नाही.

कल्पना जुनीच आहे. १९९७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठीवर संगणक, डोक्याला आरपार दिसणारा पडदा आणि सोबत जीपीएस असा जामानिमा करून आवारात फिरणाऱ्याला इमारतींवर त्यांची नावं दाखवली होती. पाठीवरचं ते ओझं आता खिशात मावतं. पण मी नेमका कुठे उभा आहे आणि नेमका कुठे पाहतोय, हे दोन प्रश्न तेव्हाही छळत होते आणि आजही छळतात.

आधी कागद, मग कोड

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी एखादं मोठं गेम इंजिन उतरवून घेणं. तसं करू नका. एक कोरा कागद घ्या आणि कुठल्या कारणाने पाटी किती सरकेल याचा हिशोब मांडा.

समजा फोन उभा धरलाय, पडदा १०८० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात आडवं ५० अंशांचं दृश्य मावतं. मग मध्यभागी एक अंश म्हणजे साधारण २० पिक्सेल. राजगड सिंहगडापासून सरळ रेषेत सुमारे १५ किमी. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनचं जीपीएस ५ मीटरच्या आसपास चुकतं. १५ किमीवर ५ मीटर म्हणजे एका अंशाचा पन्नासावा भाग, अर्धा पिक्सेलसुद्धा नाही. होकायंत्र मात्र ५ अंशांनी चुकलं (आणि ते अगदी सहज चुकतं) की पाटी १०० पिक्सेल सरकते, प्रत्यक्ष डोंगरावर तेवढ्यात सव्वा किलोमीटरहून जास्त अंतर होतं.

आता प्रश्न बदला. डोंगर सोडा, २० मीटरवरच्या तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीवर पाटी लावायची आहे. तेच ५ मीटर आता १४ अंशांचे होतात, पाटी पावपेक्षा जास्त पडदा ओलांडून भलत्याच झाडावर जाऊन बसते. होकायंत्राच्या चुकीने फरक पडतो, पण तो या मानाने कमी.

म्हणजे लांबच्या वस्तूला दिशेची चूक मारते आणि जवळच्या वस्तूला जागेची. ही दोन वेगवेगळी ॲपं आहेत, त्यांचं संशोधनही वेगळं. अनेक प्रकल्प-अहवालांत ‘जीपीएसची अचूकता वाढवली’ असं लिहिलेलं असतं आणि प्रकल्प असतो डोंगर ओळखण्याचा. पंधरा मिनिटांचा कागदी हिशोब केला असता तर सहा महिने वाचले असते. पहिल्यांदा करत असाल तर लांबचे डोंगरच घ्या, कारण तिथे एकच चूक वरचढ असते आणि तिच्यामागे लागता येतं.

उंचीची फाइल आणि तिच्यातल्या खोड्या

डोंगरांच्या उंचीची माहिती फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांच्या फेरीत रडारने पृथ्वीचा बराचसा भाग मोजला. ती माहिती एसआरटीएम या नावाने ओळखली जाते. दर सुमारे ३० मीटरला एक उंची आणि एका अंशाच्या चौकोनाला एक फाइल. १८ अक्षांश आणि ७३ रेखांशापासून सुरू होणाऱ्या एकाच फाइलीत सिंहगड, राजगड, तोरणा, पुरंदर, लोहगड आणि रायगडही येतो. फाइल साधारण २६ एमबीची. ३६०१ ओळी, प्रत्येक ओळीत ३६०१ आकडे, प्रत्येक आकडा दोन बाइटांचा. बाकी त्यात काहीही नाही, शीर्षकसुद्धा नाही.

खोड्या दोन. पहिली ओळ उत्तरेची असते, दक्षिणेची नव्हे. हे विसरलात तर अख्खा मुलूख उलटा होतो. दुसरी खोडी गमतीची. दोन बाइटांतला मोठ्या वजनाचा बाइट आधी येतो आणि आपले फोन-लॅपटॉप सहसा उलट क्रमाने वाचतात. सिंहगडाची उंची १३१२ मीटर. तिचे बाइट उलटे वाचले की होतात ८१९७ मीटर, नंगा पर्वताहून उंच. असा आकडा दिसला की घाबरायचं कारण नाही, बाइट फिरवायचे.

नावांसाठी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला मोफत नकाशा वापरा. शिखरं आणि किल्ले वेगवेगळ्या खुणांनी नोंदलेले असतात, दोन्ही उतरवून घ्या. मराठी नावासाठी वेगळी जागा असते, पण अनेक ठिकाणी ती रिकामी सापडेल. रिकामी दिसली तर भरा, खातं उघडायला पैसे पडत नाहीत. मात्र तिथे शिखराची म्हणून लिहिलेली उंची डोळे झाकून घेऊ नका. एसआरटीएमच्या आकड्याशी ताडून पाहा, फुटांचे मीटर समजून केलेल्या नोंदी लगेच उघड्या पडतात.

आता ज्यात मी दोन रात्री घालवल्या ते सांगतो. ॲप गडावर नेलं आणि एकही डोंगर दिसेना. प्रत्येक शिखर ‘आडोशाला आहे’ म्हणून ॲप ते लपवत होतं. कारण असं की जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून आणि आपण म्हणतो ती समुद्रसपाटीपासूनची. या दोन पृष्ठभागांतलं अंतर जागोजागी बदलतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात खऱ्या समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या लंबगोलाच्या १०० मीटरहून जास्त खाली जातो, जगातली ही सर्वांत मोठी खोली. तिचा उतार आपल्यापर्यंत पोहोचतो. महाराष्ट्रात हा फरक साठ-पासष्ट मीटरच्या आसपास असतो. अँड्रॉइडमध्ये नेहमीच्या पद्धतीने उंची विचारली की लंबगोलावरची मिळते, म्हणून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाय भिजवत उभं राहिलं तरी फोन शून्याच्या खालचा आकडा दाखवतो. सिंहगडावर माझ्या ॲपला वाटत होतं की मी साठ मीटर जमिनीखाली आहे. डोंगराच्या पोटात उभ्या असलेल्या माणसाला राजगड कसा दिसणार?

उपाय अगदी साधा. पहिल्या आवृत्तीत जीपीएसची उंची वापरूच नका. अक्षांश-रेखांशावरून एसआरटीएम फाइलीतली जमिनीची उंची काढा आणि तिच्यात माणसाच्या डोळ्याच्या उंचीचे दीड-दोन मीटर मिळवा. एसआरटीएमच्या उंच्या समुद्रसपाटीपासूनच्या असतात, त्यामुळे सगळे आकडे एका भाषेत येतात. आयफोन आधीच समुद्रसपाटीची उंची देतो, अँड्रॉइडमध्ये ती सोय १४ व्या आवृत्तीपासून आली. जुन्या फोनांवर चाचणी करणार असाल तर वरचाच मार्ग बरा.

फोन काय सांगतो ते आधी नुसतं लिहून घ्या

पाट्या काढण्याआधी एक अगदी साधं ॲप लिहा. त्याचं काम एवढंच: कॅमेऱ्याचा व्हिडिओ, जीपीएस, जायरो (फोन किती वेगाने फिरतोय ते मोजणारा सेन्सर), त्वरणमापक आणि चुंबकमापक (होकायंत्र ज्यावर चालतं तो सेन्सर) यांचे आकडे वेळेसकट फाइलीत उतरवणं. मग गच्चीवर जा, हळू फिरा, भराभर फिरा, लोखंडी जिन्याजवळ जा, दुचाकीजवळ जा. घरी येऊन आलेख काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच फार थोडे लोक ते करतात. पण पुढचा सगळा अभ्यास या नोंदींवर घरबसल्या करता येतो, दर बदलासाठी गड चढावा लागत नाही.

यात पुढच्या गोष्टी दिसतील. जायरो भराभर फिरणं छान पकडतो पण काही मिनिटांत हळूहळू वाहवत जातो. होकायंत्र वाहवत नाही, पण थरथरतं आणि लोखंड दिसलं की खोटं बोलतं. म्हणून दोघांना एकत्र बांधतात: तात्पुरत्या हालचालीसाठी जायरोवर विश्वास, दीर्घकाळासाठी होकायंत्रावर. अँड्रॉइडमध्ये हे मिश्रण तयारही मिळतं. होकायंत्र वगळलेलं मिश्रणही मिळतं आणि पुढे आपल्याला तेच उपयोगी पडणार आहे.

तयार मिश्रण वापरताना एक फसगत हमखास होते. फोन जी दिशा सांगतो ती फोनच्या वरच्या कडेची, म्हणजे फोन टेबलावर आडवा ठेवला तर बरोबर असणारी. आपण मात्र फोन उभा धरून पाठच्या कॅमेऱ्याने पाहतो. अक्ष बदलून घेतले नाहीत तर आकडा वेडावाकडा उड्या मारतो. त्यासाठीचं फंक्शन अँड्रॉइडमध्येच आहे, दस्तऐवजात कॅमेऱ्यातून पाहणाऱ्या ॲपसाठी म्हणून दिलेली अक्षांची जोडी वापरा.

दुसरी फसगत सरासरीची. ३५९ अंश आणि १ अंश यांची सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेकडे पाहणाऱ्याला ॲप दक्षिणेकडे वळवतं. कोनांची सरासरी कधीच थेट काढू नका. साइन आणि कोसाइन यांची वेगवेगळी सरासरी काढून त्यावरून कोन मिळवा.

चुंबकाची तपासणी तर दोन ओळींत होते. महाराष्ट्रात पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची तीव्रता साधारण ४२-४३ मायक्रोटेस्ला असते. चुंबकमापकाच्या तिन्ही अक्षांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा. आकडा ६० किंवा २५ आला तर जवळ लोखंड किंवा चुंबक आहे, वापरणाऱ्याला तसं सांगा. त्या दिवशी माझ्या ॲपमध्ये ही दोन ओळींची तपासणी असती तर मावशींपुढे हसं झालं नसतं. फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवायला सांगणारा नुसता संदेश पुरत नाही, कारण लोक तसा फिरवतात आणि कव्हर तसंच ठेवतात.

या चुंबकाच्या त्रासाला आपल्याकडे शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची मोजणी होत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने सुया हलतील हे ओळखून ती मोजणी १९०४ साली अलिबागला हलवली. आजही ती तिथेच चालते. आपल्या फोनला ट्राम नसली तरी खिशातली दुचाकीची किल्ली पुरते. गडावर आणखी एक गोष्ट: सह्याद्रीच्या बेसॉल्ट खडकात चुंबकीय खनिज असतं. खडकावर फोन टेकवून मोजू नका, छातीपाशी धरून मोजा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक मात्र महाराष्ट्रात सध्या एका अंशाच्या आत आहे, त्यामुळे सुरुवातीला तो सोडून दिला तरी चालतं. युरोप-अमेरिकेतल्या लेखांत त्यावर पानंच्या पानं सापडतील, ती आपल्या कामाची नाहीत.

आणि जीपीएस जो ‘अचूकता ५ मीटर’ असा आकडा देतो त्याचा अर्थ नीट समजून घ्या. अँड्रॉइडच्या व्याख्येनुसार खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे दर तीन वेळांतून एकदा ती बाहेर असणार हे गृहीतच धरलंय.

गणित: एवढंच, पण नीट

उभं राहिलात ती जागा शून्य माना. शिखराच्या आणि तुमच्या रेखांशातला फरक, गुणिले १११.३, गुणिले अक्षांशाचा कोसाइन, म्हणजे पूर्वेकडे किती किलोमीटर. अक्षांशातला फरक गुणिले ११०.७ म्हणजे उत्तरेकडे किती. सिंहगड-राजगडासाठी करून पाहा: पश्चिमेला पावणेआठच्या आसपास, दक्षिणेला सव्वातेरा. त्यावरून अंतर आणि दिशा दोन्ही निघतात. पन्नास किलोमीटरच्या आत एवढं पुरतं.

शून्य जवळ घेण्यामागे आणखी एक कारण आहे. फोनचं ग्राफिक्स सहसा ३२ बिटांच्या अपूर्णांकात चालतं, त्यात साधारण सात अंक टिकतात. ७३.७५५ सारखा रेखांश थेट त्यात घातलात तर जागा पाऊण-एक मीटरच्या टप्प्यांनी उडी मारते. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेले आकडे घातले तर अर्ध्या मीटरच्या. लांबच्या डोंगराला ते दिसत नाही, जवळच्या पाटीला मात्र थरकाप सुटतो आणि माणूस उगाच सेन्सरला दोष देत बसतो. वजाबाकी ६४ बिटांत करा, उत्तरच ग्राफिक्सकडे पाठवा.

पृथ्वी गोल आहे हेही हिशोबात घ्या. अंतराचा वर्ग भागिले पृथ्वीच्या त्रिज्येची दुप्पट एवढं शिखर खाली जातं. १५ किमीवर साडेसतरा-अठरा मीटर, ५० किमीवर जवळपास २०० मीटर. हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो, त्यामुळे यातला सुमारे आठवा भाग परत मिळतो. पुण्याजवळच्या गडांसाठी हे गौण आहे, पण साल्हेर किंवा कळसुबाईवरून पाहणार असाल तर हे सोडलं की दिसू नयेत ते डोंगर दिसायला लागतात.

मग प्रश्न आडोशाचा. मधला डोंगर शिखराला झाकतो का? यासाठी त्रिमितीय भूभाग रंगवायची गरज नाही. एका फाइलीत १ कोटी ३० लाखांच्या आसपास बिंदू असतात, ते सगळे फोनला रंगवायला लावाल तर फोन तापतो आणि दहा मिनिटांत स्वतःहून मंदावतो. त्याऐवजी डोळ्यापासून शिखरापर्यंत एक रेषा कल्पा, दर ३० मीटरवर तिची उंची आणि जमिनीची उंची ताडून पाहा. १५ किमीला ५०० तपासण्या. शंभर शिखरांना ५० हजार, हे फोनला काहीच नाही. फक्त शिखराच्या आधीचे शेवटचे शंभर-दोनशे मीटर तपासू नका. ३० मीटरच्या जाळ्यात टोकदार माथे बोथट होतात, राजगडाच्या बालेकिल्ल्यासारखा सुळका त्यात खुजा दिसतो आणि शिखर स्वतःलाच झाकून टाकतं.

राहिला कॅमेरा. तुमच्या फोनचं दृश्य नेमकं किती अंशांचं हे अंदाजे ठरवू नका. फोन जो आकडा सांगतो तो अख्ख्या सेन्सरचा असतो आणि पडद्यावर येताना चित्र कडांना कापलं जातं. बुद्धिबळाच्या पटासारखा छापील कागद वेगवेगळ्या कोनांतून टिपून ओपनसीव्ही या प्रतिमांवर काम करणाऱ्या मोफत कोड-संग्रहाच्या मदतीने मोजमाप करा, किंवा भिंतीवर मोजपट्टी लावून तीन मीटरवरून किती सेंटीमीटर दिसतात ते पाहा. दुसरी पद्धत गावठी आहे पण पहिल्या दिवशी पुरते.

नावं लिहिताना

इथे मराठी माणसाला जो त्रास होतो तो इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही. बऱ्याच ग्राफिक्स प्रणालींत अक्षरांचं एक तयार पान असतं आणि एकेक अक्षर उचलून शेजारी ठेवतात. देवनागरीत असं चालत नाही. ‘सिंहगड’मधली पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिताना आधी काढावी लागते. ‘हरिश्चंद्रगड’ आणि ‘त्र्यंबक’ यांची तर पार मोडतोड होते. त्यात वेळ घालवू नका. फोनच्या स्वतःच्या मजकूर यंत्रणेकडून पूर्ण नाव एका छोट्या चित्रात काढून घ्या आणि ते चित्रच पाटी म्हणून वापरा. नावं बदलत नाहीत, म्हणून प्रत्येक चित्र एकदाच काढावं लागतं.

पाट्यांची गर्दी झाली तर जवळची आधी, लांबची वर सरकवून रेघेने जोडायची. आणि फोन भरकन वळवला की पाट्या मागे राहतात त्याचं कारण शोधताना आधी उशीर मोजा. सेकंदाला ६० अंश फिरताना चित्र आणि सेन्सर यांच्या वेळेत ५० मिलिसेकंदांचा फरक असेल तर पाटी ३ अंश, म्हणजे ६० पिक्सेल चुकते. दोघांची घड्याळं वेगळी असू शकतात. थरथर कमी करायला जितकी गाळणी (फिल्टर) लावाल तितका उशीर वाढतो. हात स्थिर असताना जास्त गाळणारी आणि फिरताना कमी गाळणारी गाळणी लावणं हा त्यातला चांगला तोडगा.

मोजल्याशिवाय दाखवू नका

‘ॲप छान चालतं’ हे संशोधनात वाक्य नाही. गडावर पाच ठिकाणं निवडा. प्रत्येक ठिकाणी ओळखीची पाच-सहा शिखरं घ्या. पाटी बोटाने ओढून खऱ्या माथ्यावर आणता येईल अशी सोय ॲपमध्ये ठेवा. जितकी ओढावी लागली तितकी चूक, ती आपोआप नोंदली जाईल. दोन-तीन वेगळे फोन न्या. अहवालात नुसती सरासरी देऊ नका, चुका चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी चूक आणि सर्वांत वाईट चूक दोन्ही द्या. माझ्यासारखा २४ अंशांचा एक प्रसंग सरासरीत विरून जातो, वापरणाऱ्याला मात्र तोच आठवतो.

कुठला डोंगर कोणता हे स्थानिकांना विचारून ठरवायचं असेल तर आधी विचारा आणि नंतर ॲप उघडा. पडद्यावर नाव दिसलं की सभ्य माणसं पुष्कळदा त्यालाच हो म्हणतात. सगळेच त्या मावशींसारखे नसतात.

इथून पुढे संशोधन सुरू होतं

आता कागदाकडे परत या. लांबच्या डोंगरांना होकायंत्र मारतं, हे कळलं. मग होकायंत्राशिवाय दिशा मिळेल का? मिळते. आकाश आणि डोंगर यांच्यातली रेषा कॅमेऱ्यात दिसते. उंचीच्या फाइलीवरून त्या जागेवरून चहूबाजूंना दिसणारी क्षितिजरेषा आधीच काढता येते. दोन रेषा एकमेकींवर सरकवत न्यायच्या, जिथे नीट बसतील ती खरी दिशा. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या गटाने २०१२ साली याच तत्त्वाने स्वित्झर्लंडमधल्या फोटोंवरून, जीपीएस न वापरता, फोटो कुठून काढला हेही शोधून दाखवलं. आपल्याला तर जागा माहीत आहे, फक्त कोन हवा. एकदा कोन बसला की होकायंत्र बाजूला ठेवून जायरोच्या जोरावर काही मिनिटं निभावता येतं, मग पुन्हा क्षितिजाशी जुळवायचं.

आल्प्ससाठी केलेलं जसंच्या तसं सह्याद्रीत चालेल असं मात्र नाही, आणि तुमचा विषय मला इथे दिसतो. आल्प्सची शिखरं दातेरी असतात. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांचे, सपाट माथ्यांचे, त्यामुळे लांबवर रेष सरळ जाते आणि जुळवायला खुणा कमी पडतात. त्यात उन्हाळी दुपारची धुरकट हवा, जिच्यात मागची रांग आकाशात मिसळून जाते. बोथट झालेल्या सुळक्यांचा प्रश्न आहेच. क्षितिजाच्या कुठल्या तुकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवणारी पद्धत काढलीत तर एक चांगला शोधनिबंध होईल.

जवळच्या वस्तूंचा प्रश्न वेगळ्या वाटेने जातो. शहरात रस्त्यांच्या आधीच टिपलेल्या छायाचित्रांशी कॅमेऱ्यातलं दृश्य जुळवून जागा काढतात. भारतात गुगलचं स्ट्रीट व्ह्यू जुलै २०२२ मध्ये दहा शहरांत सुरू झालं, त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. गडावर ती गाडी चढत नाही. तिथे तुम्हालाच शे-दोनशे फोटो काढून दरवाजा किंवा टाकं यांचं त्रिमितीय प्रारूप तयार करावं लागेल. कोलमॅप हे मोफत साधन त्यासाठी पुरेसं आहे. एका दरवाज्यापासून सुरू करा, अख्खा गड हातात घेऊ नका.

वाचनासाठी आधी दृक्-संगणनाच्या (कॉम्प्युटर व्हिजन) मूलभूत भूमितीवरचा एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण-उपक्रमातला, एखादा अभ्यासक्रम पूर्ण करा, मग आयएसएमएआर या खऱ्या दृश्यावर आभासी चित्र बसवण्याच्या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतले अलीकडचे निबंध. आपल्याकडे आयसीव्हीजीआयपी ही दृक्-संगणन आणि ग्राफिक्सची परिषद १९९८ पासून भरते, पहिल्या निबंधासाठी ती योग्य जागा आहे. निबंधासोबत सेन्सरच्या नोंदी खुल्या केल्यात तर तुमच्या पद्धतीइतकाच त्यांचाही उपयोग होतो. मात्र त्यातून लोकांचे चेहरे आणि घरापासून सुरू होणाऱ्या जीपीएसच्या वाटा काढून टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याआधीही हे शहाणपणाचंच होतं.

जाण्याआधी

गडावर रेंज जाते. उंचीची फाइल आणि नावं फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, पण उपग्रहांचा ठावठिकाणा त्याला थेट उपग्रहाकडून ऐकावा लागतो आणि तो संदेश दर ३० सेकंदांनी एकदा पुरा होतो, त्यामुळे पहिली जागा सापडायला वेळ लागतो. पायथ्याशी रेंज असतानाच एकदा जागा मिळवून घ्या. उन्हात फोन तापून पडदा मंद करतो, टोपीच्या सावलीत धरा. पॉवर बँक न्या, पण मोजणी करताना ती पाठीवरच्या पिशवीत ठेवा, फोनला चिकटवून नको.

जून ते सप्टेंबर सिंहगड ढगात असतो, त्या महिन्यांत जुन्या नोंदींवर घरी काम करायचं. पाऊस सरला की ऑक्टोबरात हवा धुतल्यासारखी असते, राजगडाचा बालेकिल्ला नुसत्या डोळ्यांनी सुटा दिसतो. सकाळी नऊच्या आत पोचा. गाडी लावलीत की फोनचं कव्हर काढून डिकीत टाका.